बोटीचे पैसे

माझ्या आजोळी आजोबांचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू यायचं, "ते आफ्रिकेला गेले." कधी गेले, कशाला गेले, परत का आले नाहीत, यातलं कुणी काही सांगत नसे. गाव मात्र पुढचं वाक्य स्वतःच जोडायचं. तिकडे मोंबासाला म्हणे त्यांनी दुसरा संसार थाटलाय, दुकान टाकलंय, पोरंबाळं आहेत. विहिरीवर, नदीवर, हळदीकुंकवाला हे बोलणं चालायचं आणि आजी जवळ आली की बायका गप्प व्हायच्या.

आजोळ म्हणजे माझ्या आईचं माहेर, दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून तासाभराच्या पायवाटेवर. बाबांची नोकरी बदलीची, त्यामुळे माझं शाळेचं निम्मं वय तिथेच गेलं. घरात पणजी होती, आजी होती आणि माझा एकुलता एक मामा. आजोबांचा फोटोसुद्धा नव्हता. होती ती आजीच्या कपाळावरची रुपयाएवढी कुंकवाची टिकली. नवरा नाही आणि कुंकू आहे, याचा अर्थ आफ्रिकेतले आजोबा जिवंत आहेत, एवढा हिशोब आम्हा मुलांनाही कळत होता.

या आजोबांचा शोध कसा लागला ते आज लिहिते आहे. आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणांना अर्धीमुर्धी हकिकत कळली आहे आणि फोनवर प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे माझा घसा बसतो!

आधी थोडं खलाशांविषयी. आता तुम्ही म्हणाल, कोकणातला शेतकरी माणूस मोठ्या आगबोटीवर कसा पोचला? आमच्याकडे भात व्हायचं ते जेमतेम चार-सहा महिने पुरेल एवढं. मग माणसं मुंबई गाठायची. घाटाकडच्या गावांतली गिरणीत जायची, किनाऱ्यावरची बोटीवर. बोटीवर नोकरी लागायची ती सारंगाच्या शब्दाने. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. त्याच्या हाताखाली तांडेल, मग चाक धरणारे सुकाणी, मग साधे खलाशी, आणि या सगळ्यांचं जेवण रांधणारा भंडारी. सारंग आपल्याच पंचक्रोशीतली माणसं उचलायचा. आमच्या आजोबांना बोटीवर घेणारे सारंग खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले होते. घरात त्यांना सगळे सारंगचाचाच म्हणत.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवरचा साधारण दर चौथा माणूस हिंदुस्थानी होता. काम तेच, धोका तोच, पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या जवळपासही नाही. १९३९ साली युद्ध लागताच या लोकांनी पगारवाढीसाठी विलायतेच्या बंदरांत संप केले आणि शेकडो जण तुरुंगात गेले. या लोकांना गणवेश नव्हता, हातात बंदूक नव्हती, सलामी नव्हती. धान्य, कोळसा, दारूगोळा, प्रवासी, जे भरलं असेल ते घेऊन पाणबुड्यांच्या समुद्रातून जायचं, एवढंच. त्या युद्धात सहा हजारांहून जास्त हिंदुस्थानी खलाशी गेले. मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण पाठ्यपुस्तकात या माणसांवर एक ओळ माझ्या पाहण्यात आली नाही.

असो. मूळ गोष्टीकडे येते.

नोव्हेंबर २०२२मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. 'तिलावा' नावाची बोट बुडाल्याला ऐंशी वर्षं झाली म्हणून मुंबईत तिच्यातल्या लोकांच्या वंशजांनी स्मृतीचा कार्यक्रम केला होता. ते नाव वाचलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कारण आई कधीतरी, अगदी क्वचित, "तिलावाला गेले" असं म्हणायची. एखाद्या गावाला गेल्यासारखं. आई तेव्हा दहा वर्षांची होती. कानावर पडलेला एवढाच शब्द तिने जपून ठेवला होता.

मग माझ्या भाच्याला फोन केला. तो पुण्यात संगणकाच्या कामात आहे. त्याने आणि मी मिळून जे जमवलं ते असं.

'तिलावा' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची, दहा हजार टनांची प्रवासी बोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर ७३२ प्रवासी, २२२ खलाशी व इतर नोकरवर्ग आणि ४ तोफची, अशी ९५८ माणसं. २३ तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर, सेशेल्स बेटांपासून हजारभर मैलांवर भर समुद्रात जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. होड्या खाली सोडल्या गेल्या, गर्दी झाली, घबराट झाली. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून काही जण पुन्हा तिच्याकडे वळले. तेवढ्यात दुसरा पाणतीर आला आणि बोट गेली. २८० माणसं मेली. त्यात २५२ प्रवासी आणि २८ बोटीवरचे लोक. वाचलेली माणसं होड्यांतून तरंगत राहिली. दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने ६७४ जणांना उचललं आणि २७ तारखेला मुंबईला आणून पोचवलं. राहिलेल्या चौघांना 'कार्थेज' नावाच्या दुसऱ्याच जहाजाने उचललं.

हे चार जण ध्यानात ठेवा. आमच्या घरच्या आफ्रिकेचं मूळ तिथे आहे.

भाच्याने मग युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या यादीत नाव शोधायला घेतलं. वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. आपल्या खलाशांची नावं इंग्रजी कारकुनाने कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. आडनाव बहुतेकदा नाहीच, फक्त स्वतःचं नाव आणि बापाचं. मी शाळेचं हजेरीपुस्तक वर्षानुवर्षं लिहिलेलं, म्हणून एकाच नावाची पाच-सहा स्पेलिंगं लिहून दिली. चौथं लागू पडलं. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, हुद्दा खलाशी, बोट तिलावा, तारीख २३ नोव्हेंबर १९४२. ओळ एवढीच. ती मी कागदावर उतरवून घेतली आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही.

लंडनला टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या मृतांचं मोठं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातली सुमारे २४,००० नावं तिथे ब्राँझच्या पाट्यांवर आहेत. आपल्या खलाशांची नावं तिथे नाहीत. ती एका नोंदवहीत आहेत. त्या वहीची एक प्रत मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या सेलर्स होममध्ये आणि दुसरी चितगावला. म्हणजे दापोलीच्या आमच्या आजोबांचं नाव आज बांगलादेशातही लिहिलेलं आहे. आणि गाव त्यांना मोंबासात शोधत होतं!

नाव मिळालं तरी माझं समाधान होईना. मी सारंगचाचांच्या नातवाला भेटले. ते माझ्याच वयाचे, तेही अनेक वर्षं बोटीवर होते. त्यांनी अगदी सरळ सांगितलं, "बाई, आमचे दादा त्या बोटीतून वाचून आले. तुमच्या आजोबांना त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ते होडीचे दोर सोडत होते. दुसरा धक्का बसल्यावर दिसले नाहीत. मुंबईला उतरल्यावर दादांनी माणसं मोजली, त्यात ते नव्हते. मग कळलं की आणखी एका जहाजानं चौघांना घेतलंय. गावी येऊन दादांनी तुमच्या पणजीला तेवढंच सांगितलं. आईपुढं दुसरं काय सांगणार?"

त्या चौघांत आपला मुलगा असणार, असं पणजीने धरलं. ते जहाज आफ्रिकेकडे गेलं असेल, तिकडून तो पत्र पाठवील, तिकडून येईल. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. आशेला जागा उरली नाही तेव्हा गावाने तिथे मोंबासाचं दुकान उघडलं.

शोध घेताना दोन गोष्टी अशा कळल्या की त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे ती पाणबुडी. तिचं नाव आय-२९. एप्रिल १९४३मध्ये, म्हणजे तिलावा बुडवल्यावर पाच महिन्यांनी, मादागास्करजवळच्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून ज्या जपानी पाणबुडीत चढले, ती हीच. तो प्रसंग मी वर्गात कितीदा रंगवून सांगितलाय! मुलं श्वास रोखून ऐकायची. आता तोच प्रसंग सांगायचा झाला तर मी तो तसाच सांगेन, कारण नेताजींचं धाडस त्याने कमी होत नाही. पण पाणबुडीचं नाव घेताना माझा आवाज पूर्वीसारखा राहणार नाही.

दुसरी गोष्ट चांदीची. तिलावावर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेली चांदी होती. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने अडीच किलोमीटर खोल समुद्रातून ती वर काढली. २,३६४ लाद्या, एकूण एक मोजलेल्या. मग तिच्यावरून ब्रिटनच्या कोर्टात वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. चांदीसाठी पंचाहत्तर वर्षांनंतरही वकील उभे राहिले. खलाशाच्या वारसाचं काय झालं, ते मला मामाकडून कळायचं होतं.

मामा आता पंच्याऐंशीचा आहे. बोट बुडाली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. मी छापील नोंद घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला, तारीख वाचली आणि म्हणाला, "अगं, तारीख तेवढी ठाऊक नव्हती."

मी म्हटलं, "म्हणजे? बाकीचं ठाऊक होतं?"

मग मामाने सांगितलं. आमच्या घरात 'बोटीचे पैसे' हा शब्द होता. दर काही दिवसांनी आजी दापोलीच्या पोस्टात जायची आणि बोटीचे पैसे घेऊन यायची. ते आजोबांच्या जुन्या पगारातले असावेत, असं घरातली माणसं धरून चालायची. मामा आठ वर्षांचा असताना एकदा तिच्याबरोबर गेला. पोस्टातल्या माणसाने अंगठा घेण्याआधी कागद मोठ्याने वाचला. त्यात 'मयत खलाशी' हे शब्द होते, आजोबांचं नाव होतं आणि आजीच्या नावामागे 'विधवा' असं होतं. आजीने मुकाट्याने अंगठा उठवला, पैसे पदराच्या गाठीला बांधले आणि बाहेर आल्यावर मुलाला म्हणाली, "पोस्टातलं पोस्टात ठेवायचं."

मामाने ते पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ पोस्टातच ठेवलं.

म्हणजे आजीला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. सरकारदरबारी ती विधवा होती, दर वेळी तसा अंगठा देत होती आणि घराचा उंबरठा ओलांडून आत आली की सवाष्ण होती. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. का केलं असेल तिने हे? मामा म्हणाला, "आधी आमच्या आजीसाठी. म्हातारीला तिचा मुलगा जिवंत हवा होता. सुनेनं कुंकू पुसलं असतं तर त्याच दिवशी म्हातारी गेली असती." पणजी १९५७ साली गेली. मी विचारलं, "आणि त्यानंतर?" मामा हसला. "त्यानंतर मी विचारलं होतं तिला. म्हणाली, आता पुसून कुणाचं भलं होणार आहे?"

त्याच वेळी मला आणखी एक आठवलं. त्रिपुरी पौर्णिमेला गावच्या देवळात दीपमाळ पाजळायची. आजी सगळ्यांबरोबर दिवे लावायला यायची, पण दुसऱ्या दिवशी तोंडात पाण्याशिवाय काही घालायची नाही. "माझं व्रत आहे," एवढंच सांगायची. ते कुठलं व्रत, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तसं व्रत नाहीच. भाच्याला १९४२चं पंचांग काढायला सांगितलं. त्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमा २२ नोव्हेंबरला, रविवारी होती. गावात दीपमाळ पेटली त्याच रात्री, मध्यरात्रीनंतर, तिलावावर पाणतीर आदळला. आजीला इंग्रजी तारखेची गरज नव्हती. सारंगचाचांनी तिला पौर्णिमेची रात्र सांगितली होती आणि तेवढं तिला पुरलं. नवऱ्याचं श्राद्ध तिने एकटीने, कुणाला न सांगता, अडतीस वर्षं केलं.

१९८१ साली आजी गेली तेव्हा मी तिथे होते. तिला हिरवं लुगडं नेसवायचं की नाही, ओटी भरायची की नाही, यावरून अंगणात जाणत्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती. मामा बाहेर आला आणि म्हणाला, "हिरवं लुगडं आणा." पुढे कुणी बोललं नाही. तो ठामपणा कुठून आला होता, ते आता कळतंय.

आता या लेखाचं खरं निमित्त. ही सगळी हकिकत कळल्यावर माझी मामेबहीण फोनवर चिडली. म्हणाली, "ताई, तू आजोबांचं नाव धुऊन काढलंस खरं, पण आजीचं सवाष्णपण खोटं ठरवलंस. तिनं जे झाकलं ते तू उघडं केलंस. काय मिळवलंस?" तिचं म्हणणं मला लागलं, कारण ते अगदीच बिनबुडाचं नव्हतं. मी दोन रात्री विचार केला.

मला असं वाटतं. गाव आजोबांना पळून गेलेला म्हणत होतं आणि आजीला फसलेली बाई म्हणत होतं. दोन्ही एकाच दमात. आजोबा लोकांच्या होडीचे दोर सोडताना गेले, हे सांगायचं तर आजीला ते ठाऊक होतं हेही सांगावं लागतं. नाहीतर ती बिचारी, भाबडी, वाट पाहून म्हातारी झालेली बाई होऊन बसते. ती तशी नव्हती. कागदावर विधवा म्हणून अंगठा देऊन त्या पैशांवर तिने सासूला सांभाळलं, दोन मुलं शिकवली आणि कपाळावर काय लावायचं ते स्वतः ठरवलं. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सगळ्या महाराष्ट्रात त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. आमच्या आजीने ऐंशी वर्षांपूर्वी ठराव केला नाही, भाषण केलं नाही. तिला ते शब्दही ठाऊक नव्हते. फक्त पोस्टातलं पोस्टात ठेवलं.

मामेबहिणीला हे सगळं सांगितलं. तिचा राग गेला असं म्हणत नाही, पण तिने नोंदीची प्रत मागवून घेतली.

मामाने घराण्याची वंशावळ लिहून ठेवली आहे. तिच्यात आजोबांच्या नावापुढे इतकी वर्षं मोकळी जागा होती. मागच्या महिन्यात त्याने माझ्याकडून तिथे लिहून घेतलं, "२३ नोव्हेंबर १९४२, तिलावा बोटीवर." वळणदार अक्षर काढ म्हणाला, जसं फळ्यावर काढायचीस तसं. भिंतीवर आजीचा फोटो आहे, त्याखाली 'कै. सौ.' असं लिहिलेलं आहे. मामीने विचारलं, आता ते बदलायचं का? मामा म्हणाला, "तिनं लावलेलं आहे ते. आपण कोण काढणार?"

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मामाकडे श्राद्ध आहे. आजोबांचं पहिलंच. सारंगचाचांच्या नातवालाही बोलावलं आहे आणि ते येणार आहेत. भावंडांनो, ज्यांना जमेल त्यांनी या. आणि ज्यांच्या घरी कुणी आजोबा, पणजोबा असेच 'आफ्रिकेला गेलेले' असतील त्यांनी कळवा. नावाची स्पेलिंगं मी लिहून देईन.